आत्या भाडेकरू, मी लायसन्सी

ठाण्याच्या नौपाड्यात आत्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. पूर्वी त्यात दिवाळीचा चिवडा असायचा, आता भाडेपावत्या असतात. रबर लावलेले वर्षवार गठ्ठे, आणि सगळ्यात वरची पावती १४२ रुपयांची. माझ्याकडे, ठाण्यातच कासारवडवलीत, प्लॅस्टिकचं फोल्डर आहे. त्यात चार अ‍ॅग्रीमेंट, चार पत्ते, आणि शेवटच्या अ‍ॅग्रीमेंटवर महिन्याला २२,००० रुपये. आत्या म्हणते, "अगं, आपण दोघीही भाडेकरूच की. तू जास्त भरतेस, मी कमी, एवढंच."

मीही बरीच वर्षं तसंच धरून चालले होते. एका वर्षी रिन्यूअलच्या वेळी घरमालकाने भाड्यात चार हजारांची वाढ सांगितली, तेव्हा मी ताठ मानेने त्यांना एक फॉरवर्ड पाठवला: महाराष्ट्रात भाडं वर्षाला ४ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. अ‍ॅग्रीमेंटचं पहिलं पान वाचा, आणि जमत नसेल तर तारखेला घर रिकामं करा. पहिलं पान वाचलं. त्यावर 'भाडेकरू' हा शब्दच नव्हता. ते लायसन्सर, मी लायसन्सी. आणि ४ टक्क्यांचा नियम खरा असला तरी तो आत्यासाठी होता, माझ्यासाठी नव्हता.

दोन्ही गोष्टींना आपण बोलताना 'भाडं' म्हणतो आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. भाडेपट्टा किंवा भाडेदारी म्हणजे लीज. त्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात, कलम १०५ मध्ये आहे. तिथे मालक त्या जागेतला उपभोगाचा हक्कच दुसऱ्याकडे सोपवतो. लिव्ह अँड लायसन्स त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्यातून येतं, सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ मधून. तिथे हक्क वगैरे काही जात नाही, मिळते ती नुसती मुभा. जी गोष्ट परवानगीशिवाय केली असती तर बेकायदा ठरली असती, ती करायची परवानगी. म्हणजे २२,००० रुपये भरून मी घर घेतलेलं नाही, घरात राहायची परवानगी घेतली आहे.

आत्याचं बिऱ्हाड पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला मालकाला एकरकमी पैसे देऊन भाडेदारी घेतलेल्या, इमारतीत आहे. तिथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ तिच्या पाठीशी उभा असतो. मालकाला वाटलं म्हणून तिला काढता येत नाही. कलम १६ मध्ये जी कारणं दिली आहेत, त्यातलं एखादं कोर्टात सिद्ध करावं लागतं. भाडं थकलं तरी आधी नोटीस, मग ९० दिवस थांबायचं आणि नंतरच दावा. तिच्या पश्चात, तिच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेदारी जाऊ शकते. पागडीचे पैसे घेणं-देणंही या कायद्याच्या कलम ५६ ने कायदेशीर करून उघड्यावर आणलं. त्याआधी तो सगळा व्यवहार टेबलाखालून चालायचा.

पण हा हक्कही सुखासुखी भोगता येत नाही. घर सहा महिने सलग सबळ कारणाशिवाय वापरलं नाही, तर तेही खाली करून घेण्याचं कारण ठरतं. म्हणून आत्या लेकीकडे पुण्याला गेली की तिचा जीव नौपाड्यात अडकलेला. शेजारच्या वहिनींकडे किल्ली असते. त्या संध्याकाळी दिवा लावतात, पंखा फिरवतात आणि महिन्याचं लाइट बिल शून्यावर येऊ देत नाहीत. पंख्याखाली कोणी नसलं तरी मीटर फिरलं पाहिजे! पावसाळ्यात जिन्यावर बादल्या मांडलेल्या असतात. १४२ रुपयांत मालक दुरुस्ती करत नाही, आणि मालकीची नसलेली भिंत भाडेकरूही स्वतःच्या पैशाने बांधत नाहीत. इमारत महापालिकेच्या वर्गवारीत 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक ठरली, तर सामान बांधायला घ्यायचं. तरीही पुनर्विकासात भाडेकरू म्हणून दावा सांगायला तिच्याकडे तो चिवड्याचा डबा आहे. माझ्या फोल्डरला तिथे काही किंमत नाही.

आता प्रश्न असा, की एकाच शहरात ही दोन टोकं आली कुठून? मुंबई भाडे कायदा १९४७ चा. फाळणी, युद्धानंतरची टंचाई, शहरात लोटलेली माणसं, अशा काळात भाडी गोठवली गेली. गोठली ती गोठलीच. मालकांनी पळवाट शोधली: भाड्याने द्यायचंच नाही, 'लायसन्स'वर द्यायचं, म्हणजे भाडे कायदा लागू होणार नाही. मग १९७३ मध्ये सरकारने कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहत असलेले लोक एका फटक्यात भाडेकरू मानले गेले. राहणाऱ्यांना लॉटरी लागली, पण मालकांनी जो धडा घेतला तो पुढच्या पिढीने भोगला. घर रिकामं पडलं तरी चालेल, कुलूप लावून ठेवू, पण बाहेरचा माणूस आत घेणार नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागांत सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी निघाली. सगळा दोष भाडे कायद्याचा नाही, गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅटही त्यात आहेत. पण घोडबंदर रोडवर रात्री एखाद्या टॉवरकडे मान वर करून पाहा, किती खिडक्या अंधाऱ्या असतात ते.

३१ मार्च २००० पासून १९९९ चा नवा कायदा लागू झाला, आणि मालकाची भीती घालवण्यासाठी त्यात कलम २४ आलं. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की घर परत द्यायचं. नाही दिलं, तर लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई. प्रकरण नेहमीच्या दिवाणी कोर्टात जात नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातं. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्ही प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य आहे असं धरलं जातं. समन्सचं पाकीट फ्रिजवर ठेवून विसरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

या कलमामुळे ठाणे-नवी मुंबईत भाड्याची घरं बाजारात आली हे मला मान्य आहे. ते नसतं तर मला नौपाड्यातच आत्याच्या पोटमाळ्यावर झोपावं लागलं असतं. पण सौदा एकतर्फी झाला. मालकाला घर परत मिळण्याची हमी मिळाली, राहणाऱ्याला कसलीच नाही. भाडं किती असावं, डिपॉझिट किती महिन्यांचं घ्यावं, याला लायसन्समध्ये मर्यादा नाही. २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा आहे खरी, पण तो नमुना आहे, राज्यांवर बंधनकारक नाही. त्यामुळे दर वर्षी विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, मुलांच्या शाळेची बस बदला, गॅसचा पत्ता बदला, आणि एजंटला पुन्हा एक महिन्याचं भाडं. माझ्या पिढीची जी चिडचिड आहे ती नुसत्या आकड्यांची नाही. आपण हक्काने भांडायला जातो आणि तिथे गेल्यावर कळतं, की हातात हक्क नाही, फक्त मुदत आहे.

तरीही लायसन्सी अगदीच निराधार नसतो. मुदत चालू असताना कागदात नसलेली वाढ मागता येत नाही. आणि मुदत संपली, तरी कलम २४ ची वाट प्राधिकाऱ्याच्या आदेशातून जाते. मालकाने येऊन कुलूप बदलायचं, अशी वाट त्यात नाही.

आता त्या ११ महिन्यांचं. 'वर्षाच्या आतलं असलं की रजिस्ट्रेशन लागत नाही,' असं एजंट आजही छातीठोक सांगतात. हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आला, कारण तिथे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या लीजला नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ भाडेदारी आणि लिव्ह अँड लायसन्स दोन्हींना लागू आहे. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा घेतली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, ते खोटं असल्याचं सिद्ध होईपर्यंत. नवी मुंबईत घणसोली, कोपरखैरण्याच्या गावठाणांत गरजेपोटी बांधलेल्या घरांतल्या खोल्या सर्रास नोटरीच्या शिक्क्यावर दिल्या जातात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

लायसन्स ६० महिन्यांपर्यंतचं करता येतं, आणि हिशेब करून पाहिला तर लांब मुदत स्वस्त पडते. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के: एकूण भाड्यावर, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्या व्याजावर. माझे २२,००० गुणिले ११ म्हणजे २,४२,०००. लाखाच्या डिपॉझिटचं ११ महिन्यांचं व्याज ९,१६७. मुद्रांक झाला सुमारे ६२८ रुपये, वर महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. असे ११ महिन्यांचे तीन करार केले तर ४,८८४ रुपये. एकदाच ३३ महिन्यांचा केला तर २,८८४. एजंटची दोन वेळची दलाली वाचते ती वेगळीच. बहुधा म्हणूनच एजंटला ११ हा आकडा इतका प्रिय असावा.

हेवी डिपॉझिट, म्हणजे आठ-दहा लाख द्या आणि भाडं देऊ नका, हाही कागदावर लायसन्सचाच प्रकार. फक्त तिथे तुम्ही राहणारेही असता आणि मालकाला विनातारण कर्ज देणारेही. मी त्या वाटेला गेले नाही.

कागदावर 'लायसन्स' लिहिलं की ते लायसन्सच, असंही नेहमी नसतं. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका हॉटेलातल्या केशकर्तनालयाच्या खोल्यांबाबत उलट निकाल दिला. कराराला नाव लायसन्सचं होतं, पण जागेचा पूर्ण ताबा दिलेला दिसला, म्हणून ते लीज ठरवलं. नाव नको, आशय बघा, हे तत्त्व तिथून पक्कं झालं. मी हे वाचून दोन दिवस खुशीत होते. मग कलम २४ खालचं स्पष्टीकरण वाचलं: लेखी लायसन्स करारात जे नमूद आहे, तो त्या गोष्टींचा निर्णायक पुरावा. म्हणजे राहत्या घराच्या बाबतीत अंगठा लावण्याआधी जे वाचायचं ते वाचायचं.

आणि तो अंगठा खराखुरा असतो. करार नोंदवायला एजंट लॅपटॉप आणि छोटं स्कॅनर घेऊन हॉलमध्ये बसतो. कोपरखैरण्याच्या माझ्या आधीच्या मालकांचा अंगठा काही केल्या उमटेना. टाइल्सच्या कामात हात घासलेले. काका कधी रुमालाला बोट पुसत, कधी केसाला. मधल्या वेळात मी त्यांना विचारलं, घर तुमच्या नावावर कधी झालं? ते उठून कपाटातून त्यांचा कागद घेऊन आले. नवी मुंबईत सिडकोने, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, जमीन बहुतेक ठिकाणी विकली नाही, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिली. पहिल्या पानावर लेसर, म्हणजे भाडेपट्टा देणारा म्हणून सिडको, आणि काकांच्या सोसायटीचं नाव लेसी, म्हणजे घेणारा म्हणून.

"बघा," काका म्हणाले, "खरी भाडेकरू आमची सोसायटी." तेवढ्यात स्कॅनर वाजला, अंगठा जुळला.