शांत पाण्यातील कयाक-सहल

शांत पाण्यातील कयाक-सहल : खळाळ, उतार किंवा मोठ्या लाटा नसलेल्या नदीत, खाडीत अथवा बंधाऱ्यामागच्या फुगवट्यात हलक्या होडीतून स्वतः वल्हवत केलेला, बहुधा काही तासांचा प्रवास. नद्यांच्या अवघडपणाची १ ते ६ अशी जी आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरली जाते, तिच्या पहिल्या पायरीच्याही अलीकडचे हे पाणी असते. अशा सहलीला विशेष शारीरिक ताकद किंवा पूर्वानुभव लागत नाही. लागते ते वेळेचे गणित. प्रस्तुत नोंदीत कोकण व गोव्यातील खाड्या आणि देशावरील नद्या यांच्या संदर्भात या नियोजनाचा विचार केला आहे.

कॅनो ही वरून उघडी होडी असून तिच्यात गुडघ्यांवर किंवा आडव्या फळीवर बसून एका पात्याच्या वल्ह्याने वल्हवतात. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे आळीपाळीने डाव्या-उजव्या अंगाला मारतात. ‘कयाक’ हा शब्द आर्क्टिक प्रदेशातील इनुइट लोकांचा आहे, तर ‘कॅनो’ कॅरिबियन बेटांवरील मूळ रहिवाशांच्या बोलीतून स्पॅनिशमार्गे जगभर गेला. ब्रिटिश वकील जॉन मॅकग्रेगर यांनी १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ नावाच्या छोट्या होडीतून यूरोपातील नद्या व सरोवरे पालथी घातली, त्यानंतर तिकडे हा छंद म्हणून रुजला; १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून तो पदकांचा खेळ झाला. आपल्याकडे लहान होडीचे नाते छंदाशी नसून पोटापाण्याशी होते. कोकणातील उलांडीची (तोल राखण्यासाठी बाजूला आडवे लाकूड जोडलेली) होडी, एकाच खोडातून कोरलेली डोणी आणि कृष्णा-पंचगंगेच्या पुरात माणसे ओढून नेणारी गुऱ्हाळाची काहील ही त्याची उदाहरणे होत. पुण्यातील अनेकांनी कयाक पहिल्यांदा पाहिली ती अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या रेगाटामध्ये, म्हणजे होड्यांच्या वार्षिक सोहळ्यात, मुळा-मुठेच्या पाण्यात.

नियोजनाचा पाया असा की शांतपणा हा नदीचा कायमचा गुण नसतो. तो त्या दिवसाचा आणि त्या घटकेचा असतो, आणि तो कोणामुळे वा कशामुळे आला आहे हे ठाऊक असल्याखेरीज त्यावर विसंबता येत नाही. कुंडलिका नदीचे उदाहरण बोलके आहे. भिरा परिसरातील वीजनिर्मितीनंतर सकाळी पाणी सोडले जाते तेव्हा कोलाडच्या वरच्या अंगाला ती राफ्टिंगची उसळती नदी असते. सोडलेले पाणी ओसरले की त्याच पात्रात खडक उघडे पडतात, आणि पुढे रेवदंड्याकडे गेल्यावर ती भरती-ओहोटीच्या तालावर चालणारी संथ खाडी होते. चिपळूणच्या वाशिष्ठीतही कोयना प्रकल्पातील वीजनिर्मितीनंतरचे पाणी येत असल्याने ऐन उन्हाळ्यात ती वाहती राहते, मात्र तिची पातळी पावसावर नव्हे तर वीजगृहाच्या वेळापत्रकावर हलते.

देशावरील नद्यांची गोष्ट याहून वेगळी आहे. पावसाळ्यात त्या पुराच्या असतात आणि उन्हाळ्यात पुष्कळ ठिकाणी डबक्यांच्या. मधल्या काळात जे लांबलचक, आरशासारखे पाणी दिसते ते बहुतेक वेळा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामुळे अडलेले असते. पावसाळा सरल्यावर या बंधाऱ्यांच्या दारांत बरगे, म्हणजे एकावर एक बसणाऱ्या फळ्या, घालतात आणि मृगाच्या आधी काढून घेतात. बरगे घातले की मागे कित्येक किलोमीटरांचा फुगवटा तयार होतो आणि नवख्या माणसाला वल्हवायला त्याहून चांगली जागा सापडणे कठीण. परंतु ज्या बंधाऱ्याने हे पाणी दिले तोच त्यातला सर्वांत मोठा धोका असतो. प्रवाहाच्या वरच्या अंगाने येताना पाण्याची कड सपाट रेघेसारखी दिसते आणि पलीकडची पडझड होडीत बसलेल्याला दिसतच नाही. बरग्यांवरून सांडणारे पाणी पायथ्याशी आदळून उलट्या फेराने पुन्हा भिंतीकडे येते. त्या फेरात सापडलेली वस्तू, होडी वा माणूस, बाहेर फेकली न जाता तिथेच गोल फिरत राहते. बरग्यांमधील फटींतून होणारी ओढही वरून जाणवत नाही. म्हणून बंधाऱ्याच्या किमान दोनशे मीटर आधी वळण्याची खूण, एखादे झाड, देऊळ किंवा जॅकवेल (नदीतून पाणी उचलण्याची विहीर), काठावरून चालत जाऊन आदल्या दिवशीच ठरवून ठेवावी. नकाशावर बंधारा नाही म्हणजे नदीत तो नाही असे समजणे हा नवशिक्यांचा नेहमीचा प्रमाद आहे.

बरग्यांबरोबरच आवर्तनाची, म्हणजे धरणातून पाळीपाळीने सोडल्या जाणाऱ्या पाण्याची, चौकशी करावी लागते. धरणातून शेतीसाठी आवर्तन सुटले की एका रात्रीत पात्र बदलते. पाटबंधारे खात्याचे विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये असतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. आकड्यापेक्षा महत्त्वाचे असते ते कालच्या आणि आजच्या आकड्यांतील अंतर. याखेरीज जलपर्णीची चौकशी करावी, कारण वाऱ्याने तिचा थर बंधाऱ्याच्या बाजूला लोटला जातो आणि सकाळी मोकळा असलेला परतीचा मार्ग दुपारी हिरवा गालिचा होऊन बसतो. त्यातून कयाक पुढे सरकत नाही आणि उतरून ढकलताही येत नाही. शेतीपंपांच्या पाण्यात सोडलेल्या पाइपांपासून व विजेच्या केबलींपासून दूर राहावे. सांगलीजवळ, भिलवडी-औदुंबर-डिग्रज या पट्ट्यात, कृष्णेत मगरी आहेत आणि हिवाळ्याच्या सकाळी त्या काठच्या मळीवर ऊन खात पडलेल्या दिसतात. त्याच कृष्णेत होड्यांच्या शर्यतीही रंगतात, हे खरे. पण शर्यतीची लांब, जड होडी आणि पाण्यापासून वीतभर उंचीवर बसवणारी कयाक यांत फरक आहे. मगरींचा ठिय्या असलेला पट्टा सहलीसाठी निवडू नये, हे अधिक शहाणपणाचे.

कोकण व गोव्यात गणिताचा धनी चंद्र असतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. किनाऱ्यावर यासाठी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ठोकताळा असा की तिथीच्या अंकाला पाऊणकीने, म्हणजे पाऊणाने (०.७५), गुणले की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावास्याही पंधरावीच धरायची. हे उत्तर पूर्ण भरतीचे आणि ढोबळ असते. बंदरागणिक त्यात फरक पडतो आणि खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोचते. छापील किंवा मोबाइलवरील भरती-ओहोटीचे तक्ते अधिक नेमके असतात. तरी दोन आठवड्यांनंतरचा रविवार सोयीचा आहे की नाही हे दिनदर्शिकेकडे नजर टाकून ठरवायचे असेल तर पाऊणकी अजून पुरेशी आहे.

तिथीवरून वेळेबरोबर जोरही कळतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते आणि अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांग, म्हणजे पाण्याची चढ-उतार सर्वांत कमी. उधाणात मुंबईजवळ पाणी साडेचार ते पाच मीटर चढते-उतरते, तर गोव्यात दोन मीटरांच्या आसपास. म्हणून मुंबई-रायगडच्या खाडीत शिकलेला अंदाज गोव्याच्या मांडवी नदीत चालत नाही आणि उलट तर मुळीच चालत नाही. भरतीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या व सहाव्या तासात एकूण चढाचा सुमारे बारावा हिस्सा, दुसऱ्या व पाचव्यात दोन-दोन हिस्से आणि तिसऱ्या-चौथ्या तासात तीन-तीन हिस्से येतात. म्हणजे निम्मे पाणी मधल्या दोन तासांतच सरकते. त्या दोन तासांत प्रवाहाविरुद्ध वल्हवणे म्हणजे जागच्या जागी घाम गाळणे. सरासरी नवखा माणूस स्थिर पाण्यात ताशी ४ किमी जातो असे धरले, तर ३ किमी अंतराला पाऊण तास लागतो. ताशी २ किमीचा प्रवाह साथीला असेल तर अर्धा तास, आणि तोच समोरून असेल तर दीड तास.

तिसरा हिशेब वाऱ्याचा. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे इथे प्रत्यक्ष भेटतात. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद असतो आणि पाणी तेलासारखे पसरलेले दिसते. ऊन तापल्यावर, साधारण अकरा-बाराच्या पुढे, खारा वारा सुरू होऊन तो दुपारभर वाढत जातो. ओहोटीचे पाणी समुद्राकडे आणि वारा जमिनीकडे अशी गाठ पडली की रुंद खाडीत आखूड, उभट लाटा उठतात. त्या धोकादायक असतातच असे नाही, परंतु थकलेल्या माणसाला त्या घाबरवतात आणि घाबरलेला माणूस होडीची कड धरून झुकतो, तिथे होडी उलटते.

या तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या की दिवस आपोआप निघतो. कर्ली नदी मालवणच्या दक्षिणेस समुद्राला समांतर वाहते आणि तारकर्ली-देवबागची अरुंद भूशिर समुद्र व खाडी यांच्यामध्ये उभी राहते. या खाडीतील एका सकाळच्या सहलीसाठी द्वादशी घ्यावी. बारा पाऊणकी नऊ. म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती. दशमीचा भांग नुकताच सरलेला असल्याने पाण्याला ओढ बेताची असते. सातच्या सुमारास खाडीच्या अंगाने होड्या पाण्यात घालाव्यात, चढत्या पाण्याबरोबर नेरूरपारच्या दिशेने वर जावे, नऊच्या सुमारास पाणी थबकते तेव्हा काठाला लागून न्याहारी उरकावी आणि ओहोटीच्या पहिल्या, हळव्या तासात परत फिरावे. साडेदहाच्या आत होड्या वर असल्या की खारा वारा आपल्याला गाठत नाही. देवबागच्या संगमाकडे, खाडीच्या तोंडाशी, जाण्याचा मोह या बेतात बसत नाही. ओहोटीचे पाणी तिथे समुद्रात ओतत असते आणि पर्यटकांच्या यांत्रिक बोटीही तिथेच गर्दी करतात. कांदळवनातील आडफाटे पाहायचे असल्यास ते पूर्ण भरतीच्या आधी पाहून घ्यावेत. पाणी उतरू लागल्यावर फाट्यात राहिलेली कयाक पाहता पाहता गाळावर बसते. उतरून ढकलायला गेले तर पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि बाहेर काढताना कालवांच्या धारदार कडांनी पोटरी सोलवटते. अशा वेळी होडीतच बसून पुढच्या भरतीची वाट पाहणे बरे, आणि त्यासाठी जास्तीचे पाणी व टोपी जवळ असावी. अंगाला घट्ट बसणारे, मागे पट्टा असलेले बूट किंवा सँडल याच कारणासाठी सांगतात. साधी चप्पल पहिल्याच पावलाला गाळात राहते.

गोव्यात चोडण, नेरूल, साळ नदी ही ओळखीची ठिकाणे आहेत. चोडण बेटाच्या टोकाचे सलीम अली पक्षी अभयारण्य अवघे १.७८ चौ. किमी आहे आणि तिथे जाण्यास वनखात्याची परवानगी लागते. मांडवी व जुवारी यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा नकाशावर फार मोहक दिसतो, पण तिथेही मगरी आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाच्या सदस्या स्वतः वल्हवत कांदळवनाची सफर घडवतात. होडी स्वतः चालवण्याआधी एकदा अशा सफरीत नुसते बसून पाणी वाचायला शिकणे हा चांगला आरंभ होय. खाडीत मासेमारांचा हक्क आधीचा असतो. डोल (खुंटांना बांधून प्रवाहात लावलेल्या) जाळ्यांच्या खुंटांमधून होडी घालू नये, पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकणाऱ्याच्या पुढून जाऊ नये, आणि फेरीबोटीचा मार्ग तिरपा न कापता ती गेल्यावर काटकोनात ओलांडावा.

साधनांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक कयाक वरून बंद, बैठक वरच्या अंगाला असलेल्या, २० ते ३० किलो वजनाच्या प्लॅस्टिकच्या असतात. त्या उलटल्या तरी बुडत नाहीत आणि पाण्यातून पुन्हा वर चढता येते, मात्र ते एकदा छातीभर पाण्यात करून पाहिलेले असावे. कॅनो उलटली तर तिच्यात पाणी भरते आणि ती काठाला नेऊनच रिकामी करावी लागते. जीवरक्षक जॅकेट मात्र तपासून घ्यावे: ते घातल्यावर सोबत्याने खांद्याचे पट्टे धरून वर ओढावे, आणि जॅकेट कानांपर्यंत आले तर ते मापाचे नाही. पोहता येते म्हणून जॅकेट होडीत पायाखाली ठेवणारे लोक प्रत्येक गटात एक-दोन असतात, आणि गटप्रमुखाची खरी कसोटी त्यांना ते घालायला लावण्यात असते. शिट्टी जॅकेटलाच बांधावी, फोन जलरोधक पिशवीत घालून ती होडीला बांधावी.

गटाचा वेग सर्वांत मंद होडीचा असतो. जाणकार एक पुढे आणि एक अगदी शेवटी असावा, बाकीच्यांनी हाकेच्या अंतरात राहावे. कुठून निघणार, कुठवर जाणार आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास कोणाला कळवायचे, हे काठावरच्या एका माणसाला लिहून द्यावे. एकाच दिशेने जाऊन दुसरीकडे उतरायचे असेल तर एक गाडी आधीच तिथे नेऊन ठेवावी लागते, आणि ती ठेवायला जाताना उतरण्याची जागाही पाहून घ्यावी, तीही त्या घटकेला नव्हे तर आपण पोचू त्या घटकेला ती कशी असेल याचा विचार करून. सकाळी सातला ज्या धक्क्याच्या पायरीला पाणी लागलेले दिसते, त्याच पायरीपासून दुपारच्या ओहोटीत पाणी तीस-चाळीस पावले दूर गेलेले असू शकते. मधल्या शेवाळलेल्या चिखलातून होडी दोघांना उचलून आणावी लागते.