स्वस्तातला होम सर्व्हर: ऑफिसातनं निघालेला डबा घरात कसा आला

मागच्या वर्षी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं एक जुना ऑफिसवाला डेस्कटॉप उचलला, आडवा ठेवतात तो छोटा डबा, सातव्या जनरेशनचा आय५, आठ जीबी रॅम, घासाघीस करून नऊ हजाराला. घरी आणून झाकण सरकवलं तर पंख्यावर धुळीची अक्षरशः वाकळ, बाजूला कुठल्यातरी कंपनीचं बारकोडवालं स्टिकर अर्धवट खरवडलेलं, आणि डिस्क बसवायचा निळा प्लास्टिकचा ट्रे गायब. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला शोधून ठेवतो साहेब. दोन आठवडे वाट बघून शेवटी रबरी वॉशर आणि केबल टायवर भागवलं. तोच डबा आता घरातले सगळ्यांचे फोटो, आईच्या कॅसेटींवरनं काढून घेतलेली भजनं आणि पिक्चरचा सगळा साठा सांभाळतोय, कपाटावर, राउटरच्या शेजारी.

कोणीही विचारलं की बजेटमधे घरी स्टोरेज आणि मीडिया सर्व्हर करायचाय, काय घेऊ, तर आजकाल उत्तर ठरलेलं असतं: जुना ऑफिस पीसी नाहीतर एन१०० (इंटेलची कमी वीज खाणारी चिप) वाला मिनी पीसी, त्यात इंटेलचा ग्राफिक्स असलेला प्रोसेसर, आणि पैसे उरतील ते डिस्कवर घाला. पण हेच उत्तर का, दहा वर्षांपूर्वी ते वेगळं का होतं, याच्यामागे बरीच मोठी गोष्ट आहे आणि त्यात गंमत ही की बजेटवाल्यांच्या हातात आलेलं जवळजवळ प्रत्येक मशीन दुसऱ्याच कोणासाठी तरी बनलेलं होतं. आपल्यापर्यंत ते पोचलं ते कुठे पूर आला म्हणून, कुठे विंडोजने हात वर केले म्हणून.

सुरुवात तशी १९८८ पासून धरता येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीत पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी रेडचा, म्हणजे बऱ्याच डिस्क जोडून एकीसारख्या वापरायच्या पद्धतीचा, पेपर लिहिला. त्यांचा हिशोब साधा होता. आयबीएमची मेनफ्रेमची भलीमोठी ३३८० डिस्क साडेसात जीबीची, आणि पीसीसाठी मिळणारी कॉनरची छोटी डिस्क १०० एमबीची, मग अशा ७५ छोट्या जोडल्या तर काय होईल? काम जोरात होईल, पण ७५ मधली एखादी सारखी मरणार, म्हणून जास्तीच्या डिस्कवर बाकीच्यांचा हिशोब ठेवायचा, एक गेली तरी माल परत उभा करता यावा. रेडमधला 'आय' तेव्हा 'इनएक्स्पेन्सिव्ह'चा होता, म्हणजे स्वस्त. नंतर महागडे रेड बॉक्स विकणाऱ्यांना तो शब्द अडचणीचा वाटला असणार, त्याचा हळूहळू 'इंडिपेंडंट' झाला. म्हणजे ही कल्पना जन्मालाच आली होती बजेटवाली, मोठ्यांनी ती पळवली.

घरात हे सगळं यायला २००० नंतरची वर्षं उजाडली. आपल्याकडे तेव्हा हॉस्टेलमधे डीसी++ (एकमेकांच्या मशीनवरनं फाइली घ्यायचं सॉफ्टवेअर) चालायचं, ज्याच्याकडे १२० जीबीची डिस्क तो विंगचा राजा, आणि त्याचं मशीन रात्रंदिवस चालू. पेंटियम ४ असायचा, उन्हाळ्यात खोली तापवायचा, आणि घरी नेला की लोडशेडिंग. त्या काळात महाराष्ट्रात गावाकडे दहा-बारा तास लाइट नसायची, तिथे चोवीस तासांचा सर्व्हर कुठला काढताय, कॉपी चालू असताना लाइट गेली की चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्कची तपासणी, आणि देवाचं नाव.

सॉफ्टवेअर मात्र तेव्हाच तयार होत होतं. साध्या पीसीचा स्टोरेज सर्व्हर करणारं फ्रीनॅस २००५ चं, तशाच कामाचं अनरेडही २००५ चं, सन या कंपनीने झेडएफएसचा (डिस्कवर फाइली सांभाळायच्या व्यवस्थेचा) कोड सगळ्यांसाठी उघडा केला तोही २००५ लाच. मीडियाच्या बाजूची कहाणी अजून भारी आहे. मायक्रोसॉफ्टने २००१ मधे एक्सबॉक्स काढला, ७३३ मेगाहर्ट्झ आणि ६४ एमबी रॅम, खेळायला. हौशी पोरांनी त्याचं कुलूप तोडून त्यावर व्हिडिओ प्लेअर चढवला, त्याचं पुढे एक्सबॉक्स मीडिया सेंटर झालं, त्याच्या मॅकवरच्या फांदीतनं २००८ मधे घरच्या सर्व्हरवरचे पिक्चर टीव्ही-मोबाइलवर दाखवणारं प्लेक्स निघालं, आणि मूळ झाडाचं नाव २०१४ मधे कोडी झालं. टीव्हीसमोर बसून पोस्टरं बघत पिक्चर निवडायची सवय आपल्याला लागली ती एका गेम खेळायच्या डब्यामुळे.

कंपन्यांनी घरासाठीच म्हणून काही बनवलं नाही असं नाही. २००७ मधे बिल गेट्सने स्वतः विंडोज होम सर्व्हर जाहीर केला. त्यात ड्राइव्ह एक्स्टेंडर नावाची मस्त सोय होती, वेगवेगळ्या मापाच्या डिस्क टाका आणि सगळं मिळून एक मोठं कपाट. पण त्याच वर्षाच्या शेवटी कळलं की एकापेक्षा जास्त डिस्क असतील तर काही प्रोग्रॅममधनं फाइल सेव्ह करताना ती खराब होऊ शकते. स्टोरेजच्या धंद्यात याच्यापेक्षा वाईट बातमी नसते. दुरुस्तीला महिने गेले, पुढच्या आवृत्तीतनं ती सोयच काढून टाकली, आणि मग प्रॉडक्टच बंद. त्याच सुमाराला, २०१० मधे, एचपीचा मायक्रोसर्व्हर आला, चार डिस्कचा ठोकळा, एएमडीचा बारका प्रोसेसर. होता छोट्या ऑफिसांसाठी, उचलला घरच्यांनी, इंग्लंडात तर त्यावर १०० पौंडांची कॅशबॅक मिळायची. आपण इथे बसून त्याचे फोटो बघायचो.

२०११ हे वर्ष या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं. जानेवारीत इंटेलचा सँडी ब्रिज आला आणि त्यात क्विक सिंक नावाचा एक कोपरा होता, फक्त व्हिडिओ उलगडायचा आणि परत बांधायचा. लॅपटॉपवर व्हिडिओ पटकन कन्व्हर्ट व्हावा एवढाच त्याचा बोलबाला होता, सर्व्हर कोणाच्या डोक्यातही नव्हता. आणि ऑक्टोबरमधे थायलंडचा पूर कारखान्यांपर्यंत पोचला. डिस्क बनवण्यात तो देश जगात दुसऱ्या नंबरवर होता, वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्यात गेला, डिस्कच्या मोटरी बनवणारे कारखाने गेले, आणि काही आठवड्यांत भाव दुपटीच्या आसपास. सकाळी विचारलेला भाव संध्याकाळी मिळेना. अमेरिकेत बॅकब्लेझ ही बॅकअप कंपनी तर एवढी अडली की त्यांची माणसं दुकानादुकानातनं बाहेरच्या यूएसबी डिस्क गोळा करायची, प्रत्येकी दोनच्या लिमिटमुळे नातेवाइकांना पाठवायची, आणि घरी येऊन खोकी फोडून आतली डिस्क काढायची. शेंग सोलल्यासारखं. कारण बाहेरची डिस्क आतल्या सुट्या डिस्कपेक्षा स्वस्त पडत होती. हा प्रकार आजही चालतो, वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी ठेवून. पूर ओसरला पण भाव काही पटकन उतरले नाहीत, शिवाय मधल्या काळात हिताची वेस्टर्न डिजिटलकडे आणि सॅमसंगचा डिस्कचा धंदा सीगेटकडे गेला, म्हणजे राहिले तीनच, तिसरी तोशिबा.

तर क्विक सिंक. सर्व्हरवर फाइल एका फॉरमॅटमधे, टीव्हीला तो कळत नाही, किंवा तुम्ही बाहेर मोबाइल डेटावर आहात, की सर्व्हरला तो पिक्चर जागच्या जागी बदलून पाठवावा लागतो, याला ट्रान्सकोडिंग. सबटायटल चित्रात छापायची असतील तरी तेच. माझ्या डब्यावर मी मुद्दाम करून बघितलं, फोरके दहा बिटची (रंगांच्या जास्त छटा असलेली) फाइल लावली आणि क्विक सिंक बंद ठेवला, चारही कोअर शंभर टक्क्यांवर, पंखा मिक्सरसारखा, आणि चित्र तरी अडखळतंय. चालू केल्यावर प्रोसेसर दहा टक्क्यांच्या आत आणि पंख्याचा आवाजच नाही. तीच फाइल, तेच मशीन. म्हणून प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' असलेला इंटेल या कामाला घेऊ नका, त्यात ग्राफिक्सच नसतो, गेमिंगवाल्यांचा असतो तो.

पण क्विक सिंकमधेही पिढ्या आहेत. सहाव्या जनरेशनला, म्हणजे २०१५ च्या स्कायलेकला एचईव्हीसी (फोरके पिक्चर बहुतेक ज्यात बांधलेले असतात तो फॉरमॅट) यायचं पण आठ बिटचं, दहा बिटचं नीट जमलं ते सातव्याला, केबी लेकला. आणि फोरके एचडीआर पिक्चर सगळे दहा बिटचे. आता दुसरी बाजू बघा. ऑक्टोबर २०२१ मधे विंडोज ११ आलं आणि मायक्रोसॉफ्टने रेघ ओढली, इंटेलचा आठवा जनरेशन किंवा पुढचा पाहिजे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे आपल्या कामाला जो पहिला धड प्रोसेसर, सातव्या पिढीचा, तोच नेमका रेघेच्या पलीकडे पडला. ऑफिसांनी ते डबे शेकड्यांनी काढले, लॉटमधे विकले, आणि ते लॅमिंग्टन रोडला आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसला येऊन थडकले. लिनक्सला यातल्या कशाचंच सोयरसुतक नाही, मजेत चालतं.

मधे रासबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरची लाट येऊन गेली. २०१२ ला आला, ३५ डॉलर, मुलांना कोडिंग शिकवायला बनवलेला. आपण त्याला डिस्क लावली. त्यात नेटवर्क आणि यूएसबी दोन्ही एकाच यूएसबी २ च्या वाटेने जायचे, एका बोळातनं दोन बैलगाड्या, त्यामुळे कॉपी करायला लावून जेवून यावं. २०१९ च्या पाय ४ ने ते सुधारलं, पण मग चिपटंचाईत तो मिळेनासा झाला आणि तोवर जुना पीसी जास्त परवडायला लागला.

परदेशातले व्हिडिओ बघून आपल्याकडची मंडळी हमखास फसतात ती इथे. तिकडे ईबेवरनं जुनी कार्डं घेतात, अलीएक्सप्रेसवरनं सहा साटा पोर्टचा, म्हणजे सहा डिस्क जोडता येणारा, एन१०० बोर्ड मागवतात. आपल्याकडे ईबे इंडिया २०१८ मधे बंद झालं, अलीएक्सप्रेसवर नोव्हेंबर २०२० मधे बंदी आली, आणि ऑगस्ट २०२३ मधे सरकारने लॅपटॉप आणि सर्व्हरबरोबर अगदी छोट्या आकाराच्या कॉम्प्युटरच्या आयातीलाही परवान्याची अट घातली, जी पुढे बरीच सैल केली. एन१०० स्वतः २०२३ च्या सुरुवातीचा, चार कोअर, सहा वॉटचा, एव्ही१ या नव्या फॉरमॅटचा व्हिडिओसुद्धा उलगडतो. चिप झकास आहे, पण इथे ती बहुतेक तयार मिनी पीसीतच मिळते आणि त्यात साडेतीन इंची डिस्कला जागाच नसते, मग यूएसबीचा डबा जोडा. त्यापेक्षा ऑफिसचा आडवा डबा बरा, त्यात निदान एक मोठी डिस्क बसते, काहींत दोन.

आणि स्वस्तात मिळतो म्हणून डेटा सेंटरमधला जुना रॅक सर्व्हर घेणाऱ्यांसाठी एक हिशोब. १२० वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला ८६ युनिट. १५ वॉट म्हणजे ११ युनिटसुद्धा नाही. युनिटला दहा रुपये धरले तरी महिन्याला साडेसातशेचा फरक, त्यात महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढे दर चढतो तो वेगळाच. मशीनवर वाचवलेले पैसे वर्षात मीटरमधनं निघून जातात, वर विमान उडाल्यासारखा आवाज घरच्यांनी ऐकायचा.

डिस्कच्या बाबतीत मी स्वतः पोळलोय. सुरुवातीला मिरर, म्हणजे दोन डिस्कवर एकच माल, केला होता त्यात एक डिस्क गेली, बाजारात मिळाली ती सगळ्यात स्वस्त डेस्कटॉप डिस्क आणून लावली, आणि चार टीबीचा मिरर परत भरायला चार दिवस लागले, चार दिवस उरलेल्या एका डिस्कवर सगळं घर टांगलेलं. नंतर कळलं ती एसएमआर होती. एसएमआरमधे डेटाचे पट्टे छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे जागा जास्त मिळते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलावी लागतात. पिक्चर एकदा टाकून बघत राहायला चालतं, रेडमधे रडवतं. एप्रिल २०२० मधे उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या एनएएससाठी (नेटवर्कवरनं वापरायच्या डिस्कच्या डब्यासाठी) म्हणून विकल्या जाणाऱ्या 'रेड' (लाल, वरचं रेड नव्हे) नावाच्या डिस्कच्या काही मॉडेलमधेही हे न सांगता घातलेलं होतं, बोंबाबोंब झाल्यावर त्यांनी यादी दिली आणि साध्या पद्धतीच्या डिस्कना रेड प्लस नाव दिलं. तेव्हापासून मॉडेल नंबर शोधून बघितल्याशिवाय डिस्क घ्यायची नाही हा नियम.

एवढं करून हौशी नसलेली माणसंही यात का आली, तर १ जून २०२१ ला गुगल फोटोजचं अमर्याद फुकट स्टोरेज बंद झालं. माझ्या मावशीनेसुद्धा फोन करून विचारलं, "अरे तो तुझा डबा असतो तसा मला पण मिळेल का?" नेमकं त्याच सुमाराला चिया नावाच्या, डिस्कवरच्या जागेच्या जोरावर मिळणाऱ्या डिजिटल नाण्यासाठी लोक डिस्क विकत घेत सुटले होते, भाव परत वर. सॉफ्टवेअरमधे तोवर प्लेक्ससारख्याच एम्बीचा कोड बंदिस्त झाल्यावर २०१८ च्या शेवटी त्यातनं फुटून निघालेलं जेलीफिन चांगलं बाळसं धरत होतं, त्यात क्विक सिंक फुकट वापरता येतो. प्लेक्समधे त्याला पैसे, आणि त्याचा आयुष्यभराचा पास २०२५ मधे १२० वरनं २५० डॉलरवर गेला. तयार एनएएस घ्यावा तर त्याच वर्षी सिनॉलॉजी या एनएएस बनवणाऱ्या कंपनीने नव्या प्लस मॉडेलांना आमच्याच डिस्क लावा म्हणून बघितलं, ऑक्टोबरमधे माघार घेतली.

आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, एआयवाल्या डेटा सेंटरना सगळा माल जातोय म्हणून, नवीन तर नवीन, जुनी डीडीआर४ पण. परवा त्या दुकानदाराचा फोन आला. "साहेब, तुमचा तो निळा ट्रे मिळालाय, येऊन घेऊन जा. आणि ती आठ जीबीची रॅम काढायची असली तर सांगा, चांगला भाव देतो."