लोडशेडिंग आणि ग्रिड कोसळणं: एकाच पिशवीत भरू नका

आफ्रिकेतल्या विजेचा विषय निघाला की दक्षिण आफ्रिका आणि नायजेरिया सर्रास एका माळेत ओवले जातात. का, तर दोन्हीकडे लाइट जाते. गेली खरी, पण दक्षिण आफ्रिकेत ती ठरवून घालवली जायची, नायजेरियात मात्र ग्रिडच (देशभर वीज वाहून नेणारं जाळं) कोसळते.

लोडशेडिंग मराठी माणसाला नव्याने शिकवायला नको. दक्षिण आफ्रिकेतली सरकारी वीज कंपनी एस्कॉम तेच करायची, फक्त जरा शिस्तीत. पहिली पायरी साधारण 1,000 मेगावॉट कपातीची, सहावी 6,000ची. कुठल्या भागात कधी, ते मोबाइलवर आधीच कळायचं.

घोळ होतो तो यापुढे. ग्रिड 50 हर्ट्झवर चालते. मागणी पुरवठ्याच्या वर गेली की जनित्रांचा वेग मंदावतो आणि वारंवारता घसरते. ती फार खाली गेली की संच स्वतःला वाचवायला ट्रिप होतात, त्यांचा भार उरलेल्यांवर पडतो, मग तेही ट्रिप होतात. हे टाळायला मुद्दाम काही भाग अंधारात ठेवणं म्हणजे लोडशेडिंग. वेळेत भार कमी झाला नाही, तर ग्रिड कोसळते. ती परत उभी करणंही जिकिरीचं, कारण औष्णिक संचाचे पंप-पंखे चालवायलाच वीज लागते. सहसा आधी जलविद्युत केंद्र उठवायचं, मग एकेक वाहिनी जोडत जायचं. जुलै 2012 मध्ये उत्तर भारताने हे भोगलंय. नायजेरियात एकट्या 2024 मध्ये अनेकदा झालं. उलट दक्षिण आफ्रिकेत 2023चे बहुतेक दिवस लोडशेडिंग होतं, तरी देशाची ग्रिड एकदाही पडली नाही. तरीही बातम्यांचे मथळे ‘ग्रिड ठप्प’! वाचून डोकं फिरतं.

वेळापत्रक असलं की वेल्डिंगवाला काम पुढेमागे करतो. नायजेरियातल्या लेगॉसमधल्या मासळीच्या शीतगृहाला ती सोय नाही, जनरेटर तयारच ठेवावा लागतो. 2023 मध्ये पेट्रोलचं अनुदान गेलं आणि छोटे जनरेटर चालवणं आणखी महागलं. एप्रिल 2024 मध्ये दिवसाला किमान 20 तास वीज देण्याच्या बोलीवर काही ग्राहकांचे दर तिपटीहून जास्त वाढवले.

‘नवी केंद्रं बांधा’ हा सरसकट सल्ला तर मला अजिबात पटत नाही. दक्षिण आफ्रिकेत कोळशाचे जुने संच सतत बिघडत होते, मेडुपी आणि कुसिले ही नवी कोळसा केंद्रं वर्षानुवर्षं रखडली. तिथे तुटवडा निर्मितीचाच होता. नायजेरियाची स्थापित क्षमता 13,000 मेगावॉटच्या आसपास, ग्रिडवर येते चार-पाच हजार. कुठे केंद्राला गॅस नाही, कुठे पारेषण वाहिन्या थकलेल्या, राखीव क्षमता जवळपास नाहीच. तिथे आधी गॅस पुरवठादारांची थकबाकी आणि वाहिन्या पाहा.