गोल्फमधील नेम आणि अलाइनमेंट

चेंडू कोणत्या रेषेवर सोडायचा हे ठरवणे म्हणजे नेम. त्या रेषेला धरून क्लबफेस (क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा, चेंडूला लागणारा चपटा भाग), पावले, कंबर आणि खांदे लावून घेणे म्हणजे अलाइनमेंट. फटका भरकटला की बहुतेक जण स्विंगला, म्हणजे क्लब फिरवण्याच्या हालचालीला, दोष देतात. पण चेंडू कुठल्या दिशेने सुटणार हे मुख्यतः आघाताच्या क्षणी क्लबफेस कुठे वळलेला आहे यावर ठरते, आणि त्याची गडबड पुष्कळदा उभे राहतानाच झालेली असते.

मूळ अडचण नजरेची आहे. कॅरममध्ये स्ट्रायकर आणि सोंगटी समोर असतात, डोळा मागून नेम धरतो. गोल्फमध्ये खेळाडू चेंडूच्या बाजूला उभा राहतो आणि लक्ष्य डाव्या खांद्यापलीकडे जाते. (येथे उजव्या हाताने खेळणारा गृहीत धरला आहे.) म्हणून नेम चेंडूच्या मागे उभे राहूनच घ्यावा लागतो. अमेरिकी गोल्फपटू जॅक निक्लॉस यांची पद्धत प्रसिद्ध आहे : लक्ष्याच्या रेषेवर, चेंडूच्या थोडे पुढे, सुके पान किंवा गवत उडालेली जागा अशी एखादी खूण हेरायची. मग बाजूला येऊन आधी क्लबफेसची खालची धार त्या खुणेशी काटकोनात टेकवायची, पावले त्यानंतर लावायची. हा क्रम उलटला की नेम पावलांमागे फरफटतो.

पावले, गुडघे, कंबर आणि खांदे यांची रेषा लक्ष्यरेषेला समांतर हवी; म्हणजे ती होलमधल्या (चेंडू घालायच्या भोकातल्या) झेंड्याच्या किंचित डावीकडे जाते. नवशिका खांदेच झेंड्याकडे रोखतो, त्यामुळे क्लबफेस उजवीकडे पाहू लागतो. मग स्विंगमध्ये हात चेंडू ओढून आणायला शिकतात आणि सराव वाढतो तशी ही खोड पक्की होते. खांद्यांवर विशेष लक्ष हवे. ग्रिपमध्ये (क्लबच्या पकडीत) उजवा हात खाली असल्याने उजवा खांदा पुढे येतो आणि पावले बिनचूक असूनही खांदे डावीकडे उघडतात. क्लब छातीवर आडवा धरून पाहिला की हे लगेच कळते.

१५० यार्डांवर दिशा ५ अंशांनी चुकली तर चेंडू सुमारे १३ यार्ड बाजूला पडतो. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. ३ मीटरच्या सरळ पटमध्ये (होलकडे चेंडू घरंगळवण्याच्या हलक्या फटक्यात) १ अंश चुकला तरी चेंडू मध्यापासून ५ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे जेमतेम कडेवर येतो.

मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब (स्थापना १९२७), विलिंग्डन क्लब आणि कुलाब्याचा यूएस क्लब ही जुनी मैदाने आहेत. विलिंग्डनभोवतीचे टॉवर दूरचे लक्ष्य म्हणून सोयीचे वाटतात, पण अख्खी इमारत फार रुंद पडते. तिची एक कड निवडावी. कुलाब्यात समुद्राचा वारा आडवा असेल तर झेंडा सोडून वारा येतो त्या बाजूचा बिंदू धरावा आणि सगळे शरीर त्याच बिंदूसाठी लावावे. नजर झेंड्यावर आणि पावले दुसरीकडे, असा अर्धवट बदल सर्वांत घातक.

सरावात जमिनीवर दोन काठ्या टाकतात, एक लक्ष्यरेषेवर आणि एक पावलांपाशी. पटिंगसाठी घरातली लादी उत्तम : चेंडू दोन सांधे मिळतात तिथे ठेवावा, लांब सांध ही रेषा, आडवी सांध पटरच्या (पटिंगच्या क्लबच्या) फेसला. मुंबईच्या छोट्या खोलीतही हे जमते, आणि फेस किंचित वाकडा लागला तरी डोळ्याला खटकतो.

सामन्यात मात्र अशा काठीला किंवा जमिनीवर ठेवलेल्या क्लबला मुभा नाही. चेंडूवर रेघ आखून ती रेषेला लावणे चालते. २०१९ पासून खेळाडू स्टान्स (फटक्यासाठी उभे राहण्याची स्थिती) घेऊ लागला की कॅडीने (त्याचे क्लब वाहणाऱ्या सहायकाने) त्याच्या मागे रेषेवर मुद्दाम थांबणेही निषिद्ध आहे. त्याच वर्षी जानेवारीत दुबईतल्या स्पर्धेत चीनचे गोल्फपटू ली हाओतोंग यांना शेवटच्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) याच कारणाने दोन फटक्यांचा दंड झाला. त्यानंतर नियमाचा खुलासा करण्यात आला : खेळाडूने फटक्याआधी स्टान्स सोडला आणि कॅडी बाजूला झाल्यावरच पुन्हा घेतला, तर दंड नाही.