जेटच्या शेजारचा ट्रॅक्टर: ग्राउंड इक्विपमेंट किट्सची पार्श्वभूमी

लढाऊ जेटच्या प्लास्टिक मॉडेलच्या, म्हणजे सुटे भाग जोडून करायच्या छोट्या प्रतिकृतींच्या, किट्सची वानवा कधीच नव्हती. विमान ओढणारा टो ट्रॅक्टर, इंधनाचा टँकर म्हणजे बाउझर, उभ्या विमानाला वीज देणारं पॉवर युनिट, बॉम्ब लोडर हे जमिनीवरचं सामान मात्र कायम मागून आलं, तेही बरेचदा चुकीच्या मापात. विमानं करणारे आणि गाड्या करणारे ही गिऱ्हाइकंच वेगळी होती.

विमानांचं १/७२ हे माप, म्हणजे सहा फुटांना एक इंच, ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात रुळलं. गाड्यांचं १/७६ आलं खेळण्यातल्या रेल्वेतून. तिथले रूळ फुटाला साडेतीन मिलिमीटर या हिशेबाचे, पण तेव्हाच्या मोटरी ब्रिटिश इंजिनांच्या अरुंद अंगात मावेनात, म्हणून वरचा डोलारा फुटाला चार मिलिमीटरचा केला. ही तडजोड पुढे विमानतळावर येऊन थडकली. आपली लहान विमानं १/७२ मध्ये काढणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीने १९६१ पासून रणगाडे १/७६ मध्ये आणले आणि १९७० च्या सुमारास हवाई दलाचा इंधन-गाड्यांचा संचही त्याच मापात काढला. विमानाशेजारी उभं राहण्यापलीकडे त्या गाड्यांना दुसरं काम नव्हतं!

‘पाच टक्क्यांनी काय बिघडतं’ असं या निर्णयाची बाजू घेणारे आजही म्हणतात. पावणेदोन मीटर उंचीचा माणूस १/७२ मध्ये २४.३ मिलिमीटर भरतो, १/७६ मध्ये २३. बाउझर विमानामागे दूर ठेवला तर हे खपून जातं, उलट खोलीचा भास वाढतो. पण नळी हातात धरलेला माणूस पंखाखाली उभा केला की तो शेजारच्या पायलटपुढे खुजा दिसतो. रेल्वेवाली गिऱ्हाइकं सांभाळायची होती, हे कारण समजतं, पटत नाही. शिवाय त्या गाड्या दुसऱ्या महायुद्धातल्या. जेटवाल्यांनी त्या वापरल्या, कारण दुसरं काही मिळतच नव्हतं.

मोठ्या मापातही हाच घोळ: विमान १/३२, रणगाडे नि जीप १/३५.

खरा फरक पडला तो १९८० च्या दशकापासून. एका जपानी कंपनीने १/७२ ची अमेरिकी शस्त्रं वेगळ्या संचांत विकायला काढली. विमानाच्या खोक्यात क्षेपणास्त्रं नाहीत म्हणून तिच्या नावाने खूप बोटं मोडली गेली, पण त्याच मालिकेत पुढे एमजे-१ बॉम्ब लोडर आणि बॉम्बच्या ट्रॉल्या आल्या. त्यानंतर लहान कारखान्यांनी रेझिन या साच्यात ओतायच्या द्रवापासून काढलेल्या किट्सनी उरलेल्या फटी बुजवल्या. १/४८ मध्ये विमानवाहू जहाजावरचे बुटके ट्रॅक्टर प्लास्टिकमध्ये मिळू लागले. तिथे रंगावरून नवे वाद: अमेरिकी नौदलाचे जुने ट्रॅक्टर पिवळे, नंतरचे पांढरे, आणि लोक विमानाचं साल न बघता सरसकट पिवळा मारतात.

आता थ्रीडी प्रिंटिंगमुळे विमानाचं इंजिन सुरू करून देणाऱ्या रशियन स्टार्टर ट्रकपासून कॉकपिटच्या शिडीपर्यंत काहीही घरी काढता येतं. मापाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. १/४८ साठी काढलेली फाइल १/७२ ला दोन तृतीयांश करावी लागते; मग ०.४ मिलिमीटरचा कठडा ०.२७ वर येतो आणि छापताना टेकू म्हणून लागणाऱ्या आधाराच्या काड्या तोडतानाच मोडून हातात येतो. म्हणून जाणकार आख्खी फाइल लहान करत नाहीत. कठडे वगळून छापतात आणि पितळी तारेचे लावतात.