डिप्लोमा हातात आला म्हणजे प्राचार्य होता येतं का?

'एकदा डिप्लोमा पुरा झाला की प्राचार्याच्या जागांना अर्ज टाकायला मोकळी.' बडोद्यातल्या मराठी शिक्षिकांच्या गप्पांत हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. डिप्लोमा म्हणजे शाळेच्या व्यवस्थापन-प्रशासनाचा. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, आणि आता हरणी-सम्याकडच्या सोसायट्यांतही. बोलणारी बहुधा पस्तिशी-चाळिशीची, बरीच वर्षं वर्गावर काढलेली, आणि कामात चोख. तिने भरलेली फी वाया जाते असं मी म्हणणार नाही. पण त्या डिप्लोमाचा आणि जागेचा संबंध तिला वाटतो तेवढा जवळचा नाही, आणि काही ठिकाणी तर तो मुळीच नाही.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे प्रशिक्षण: शाळा कशी चालवायची ते शिकणं. दुसरी पात्रता: अमुक एका जागेसाठी अर्ज करण्याचा हक्क. दोन्हींसाठी गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती लागतात, दोन्हींच्या शेवटी गोल शिक्क्याचा कागद मिळतो, म्हणून दोन्ही सारख्या दिसतात. मात्र प्रशिक्षण देतं विद्यापीठ किंवा संस्था, आणि पात्रता ठरवतो तो, जो पगार देणार आहे.

आधी प्रशिक्षणाकडे पाहू. दिल्लीत नीपा, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन आणि प्रशासन संस्था आहे, आणि तिच्यात शालेय नेतृत्वासाठी एक स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र आहे. नीपाची नियोजन-प्रशासनाची जी जुनी पदविका आहे ती जिल्हा-तालुका पातळीवरच्या शिक्षण अधिकाऱ्यांसाठी आहे, शाळाप्रमुखांसाठी नाही. नाव वाचून अर्ज करणारे इथेच फसतात. इग्नूची शैक्षणिक व्यवस्थापन आणि प्रशासनाची पदव्युत्तर पदविका घरबसल्या करता येते. आणि आपल्या गावातच सयाजीराव विद्यापीठाची शिक्षण आणि मानसशास्त्र विद्याशाखा आहे. तिथलं 'केस', म्हणजे शिक्षणशास्त्राचं प्रगत अध्ययन केंद्र, १९६३ पासूनचं. देशभरातल्या शिक्षण-संशोधनाचा आढावा घेणारे जाडजूड खंड काढायला तिथूनच सुरुवात झाली. बडोद्याच्या माणसाला शैक्षणिक प्रशासन वाचायचं असेल तर दिल्लीकडे तोंड करून बसण्याआधी या ग्रंथालयात जाऊन यावं, असं माझं मत. जाणारे फार नाहीत, ही गोष्ट वेगळी.

याखेरीज सेवेत असताना मिळणारं प्रशिक्षण आहेच. केंद्राचा 'निष्ठा' कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला तो शिक्षकांबरोबर शाळाप्रमुखांसाठीही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळाप्रमुखांनी वर्षाला ५० किंवा त्याहून जास्त तास प्रशिक्षण घ्यावं अशी अपेक्षा लिहिली आहे. या सगळ्यातून मिळतं ते ज्ञान आणि प्रमाणपत्र. अर्जाचा हक्क मिळत नाही. उलट अशा बऱ्याच पदविकांना प्रवेशासाठी साधी पदवी पुरते. बी.एड. न केलेला माणूसही जो अभ्यासक्रम पुरा करू शकतो, तो प्राचार्यपदाची पात्रता कसा देईल?

आता पात्रता. ती समजून घ्यायला माहितीपत्रकं वाचू नयेत, भरतीची जाहिरात वाचावी. केंद्रीय विद्यालय संघटनेची २०२२ ची प्राचार्यपदाची जाहिरात नमुना म्हणून घ्या. पदव्युत्तर पदवी हवी, बी.एड. हवं. त्यानंतर अनुभवाचे तीन-चार पर्याय. त्यातले वर्गशिक्षकाच्या कामाचे दोन: पीजीटी, म्हणजे अकरावी-बारावीचा पदव्युत्तर शिक्षक म्हणून किमान ८ वर्षं नियमित सेवा, किंवा टीजीटी (त्याखालच्या वर्गांचा पदवीधर शिक्षक) आणि पीजीटी मिळून १५ वर्षं आणि त्यांतली किमान ३ पीजीटी म्हणून. वय ३५ ते ५०. आवश्यक नाही पण असल्यास बरं, अशा रकान्यात एकच गोष्ट: संगणकाचं कामापुरतं ज्ञान. व्यवस्थापनाची पदविका कुठेच नाही, ना आवश्यकच्या रकान्यात, ना इष्टच्या.

त्याच जाहिरातीत आणखी एक मेख आहे. अनुभव नुसता वर्षांत मोजलेला नाही, तो वेतनस्तराशी बांधलेला आहे. पीजीटीची ८ वर्षं म्हणजे स्तर ८ ची, ४७,६०० ते १,५१,१०० या वेतनश्रेणीतली. खासगी शाळेत ठोक पगारावर बारा वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाची ती वर्षं इथे मोजली जातीलच असं नाही. याला अन्याय म्हणा हवं तर. पण हे अर्ज भरायच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

राज्य पातळीवर आलो की गुजरातेत परीक्षा आडव्या येतात. एचटॅट प्राथमिक शाळेच्या मुख्य शिक्षकासाठी, एचमॅट अनुदानित माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळेच्या आचार्यासाठी, म्हणजे प्राचार्यासाठी. दोन्ही गांधीनगरचं राज्य परीक्षा बोर्ड घेतं, आणि नावं इतकी जवळची की घरात चर्चा एकीची चालते आणि पुस्तकं येतात दुसरीची. पास झालं म्हणजे खुर्ची मिळाली असंही नाही. परीक्षेमुळे तुम्ही अर्ज करणाऱ्यांच्या रांगेत उभे राहता. पुढे जागा, गुणवत्ता यादी, कागदपत्रांची तपासणी हे सगळं असतंच.

प्राथमिकच्या जागा किती, हेही जरा समजून घ्यायला हवं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला १५० हून जास्त मुलं असली तर शिक्षकांखेरीज एक मुख्य शिक्षक. सहावी ते आठवीला १०० हून जास्त मुलं असली तर पूर्णवेळ मुख्य शिक्षक. पट त्याखाली असेल तर ज्येष्ठ शिक्षक आपला वर्ग सांभाळून चार्ज बघतो. मराठी माध्यमाच्या पालिकेच्या शाळांचा पट ज्यांनी पाहिलाय त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पात्रतेचा सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे अनुभवाचा दाखला. पदविकेवर हजारो रुपये घालवणारी माणसं या एका पानाकडे बघतसुद्धा नाहीत. मी पाहिलेले बहुतेक दाखले असे: 'सदर शिक्षिकेने आमच्या शाळेत दहा वर्षे समाधानकारक सेवा केली असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' निरोप समारंभात वाचायला छान. तपासणीच्या टेबलावर त्याची किंमत शून्य. तिथे लागतं ते असं: रुजू झाल्याची आणि शेवटची तारीख, पद, कोणत्या इयत्ता, कोणता विषय, पूर्णवेळ की तासिकेवर, नियमित की हंगामी, वेतनश्रेणी, आणि अनुदानित शाळा असेल तर नेमणुकीला मंजुरी देणाऱ्या आदेशाचा क्रमांक. मधे बिनपगारी रजा झाली असेल तर तीही. 'दहा वर्षे' हा शब्दप्रयोगच नको, तारखा हव्यात. आणि हा कागद शाळा सोडतानाच घ्यावा. पाच वर्षांनी गेलात तर मंडळ बदललेलं असतं, सही करणारा निवृत्त झालेला असतो, आणि नव्या माणसाला तुमच्यासाठी जुनी हजेरीपत्रकं काढण्याची हौस नसते.

मग प्रश्न येतो: डिप्लोमा हाच जणू परवाना, ही समजूत आली कुठून? माझा अंदाज असा की थोडी अमेरिकेतून आली. बडोद्यात कुणाची मुलगी टेक्ससला, कुणाची सून न्यू जर्सीला. तिकडून ऐकू येतं की 'तिने प्रिन्सिपलचं सर्टिफिकेट घेतलं.' तिकडे खरोखरच परवाना असतो, आणि तो राज्य देतं. टेक्ससमध्ये प्राचार्यपदाच्या प्रमाणपत्रासाठी पदव्युत्तर पदवी, वर्गशिक्षकाचं वैध प्रमाणपत्र, शिकवण्याचा २ वर्षांचा अनुभव, मान्यताप्राप्त तयारी-अभ्यासक्रम आणि राज्याच्या परीक्षा, इतकं सगळं लागतं. प्रमाणपत्र ५ वर्षं चालतं, आणि नूतनीकरणाला २०० तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. कॅलिफोर्नियात तर दोन पायऱ्या आहेत. आधी प्रारंभिक परवाना. परीक्षा-अभ्यासक्रम झाले पण नोकरी मिळाली नसेल तर त्याऐवजी नुसतं पात्रता-पत्र देतात. नोकरी लागली की ५ वर्षांची मुदत सुरू होते, आणि तेवढ्यात मार्गदर्शकाच्या हाताखालचं प्रशिक्षण संपवून पक्का परवाना घ्यायचा. म्हणजे नुसत्या पदवीने तिथेही भागत नाही. पदवी विद्यापीठाची, परवाना राज्याचा. फरक इतकाच की तिकडे प्रशिक्षण ही परवान्याची एक अट आहे, म्हणून दोन्ही एकाच साखळीत येतात. आपल्याकडे ती साखळीच नाही. शाळाप्रमुखाचा परवाना नावाचा प्रकारच नाही. त्यामुळे 'प्रमाणित प्राचार्य' अशी पाटी लावून कुणी अभ्यासक्रम विकत असेल, तर कुणी प्रमाणित केलं, हे जरूर विचारावं.

इंग्लंडने तर हा परवाना आणून पुन्हा काढलासुद्धा. नव्या मुख्याध्यापकाला राष्ट्रीय अर्हता सक्तीची, असं २००९ पासून झालं, आणि २०१२ मध्ये सक्ती उठली. तो अभ्यासक्रम आजही आहे, पण ज्याची इच्छा असेल त्याने करावा.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मग डिप्लोमा करूच नये. माझं म्हणणं उलट आहे. पात्रता नसताना डिप्लोमा घेतलेल्यांचं फार तर फीपुरतं नुकसान होतं. पात्रता आहे पण प्रशिक्षण शून्य, अशा माणसाने चालवलेल्या शाळेत नुकसान इतरांचं होतं.

गणिताचा उत्तम शिक्षक ज्येष्ठतेने प्राचार्य होतो. पहिल्याच आठवड्यात एक पालक येतात: मुलाची जन्मतारीख शाळेत चुकीची लागली आहे, दहावीचा फॉर्म भरायच्या आत बदलून द्या. माणूस भला, गोष्ट खरी, जन्माचा दाखला समोर. प्राचार्य वयपत्रक, म्हणजे मुलांच्या जन्मतारखांची शाळेतली नोंदवही, मागवतात, लाल शाईने खोडतात, वर नवी तारीख लिहून सही करतात. झालं. वयपत्रकात आपल्या मर्जीने खाडाखोड करायची नसते, प्रस्ताव करून वर पाठवायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्रिकोणमिती शिकवताना ते कधी लागलं नव्हतं.

याहून गंभीर उदाहरणं आहेत. पोक्सो कायद्यात, म्हणजे २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यात, गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची आहे. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'आधी आपण शाळेत चौकशी समिती नेमू, मग बघू' हा पुष्कळ चांगल्या प्राचार्यांचा पहिला विचार असतो, आणि तो त्यांना थेट आरोपीच्या पिंजऱ्याकडे नेतो. किंवा सहल. १८ जानेवारी २०२४ ला आपल्याच हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर या गावात सहलीच्या संमतीपत्रावर कुठलाही पालक डोळे मिटून सही करत नाही. बोटीत किती माणसं, लाइफ जॅकेट कुणाकुणाला, कंत्राटदाराचे कागद कोणी पाहिले, हे प्रश्न सहलीच्या आधी विचारायचे असतात, आणि ते विचारायची सवय शिकवावी लागते. चांगल्या अभ्यासक्रमात अंदाजपत्रक, शाळा विकास आराखडा, शिक्षकाच्या तासाचं निरीक्षण यांच्याबरोबर हेही असायला हवं. तुम्ही निवडत असलेल्या अभ्यासक्रमात हे नसेल आणि निम्मं पुस्तक 'नेतृत्वाच्या शैली' यावरच असेल, तर मी तरी दुसरा शोधेन.

खासगी विश्वस्त मंडळाच्या शाळांत चित्र थोडं निराळं असतं. तिथेही पदव्युत्तर, बी.एड. आणि अनुभव लागतोच. पण त्यावर बरोबरीत आलेल्या दोन उमेदवारांत मंडळ पदविकेकडे बघतं, मुलाखतीत त्यावर प्रश्न विचारतं. डिप्लोमाची खरी बाजारपेठ ही आहे.

म्हणून आधी ज्या जागा डोळ्यांपुढे आहेत त्यांच्या मागच्या जाहिराती काढून वाचाव्यात, आपली वर्षं त्यांच्या भाषेत मोजावीत, आणि मग पदविका. तिसाव्या वर्षी नियमित पीजीटी झालेल्याची केंद्रीय विद्यालयाची ८ वर्षं अडतिसाव्या वर्षी भरतात. मधल्या काळात पदविका आरामात होते, घाईचं काही कारण नाही. नोकरीत राहून करत असाल तर प्रवेशाआधी शाळेची लेखी परवानगी घ्यावी, आणि निकाल लागला की त्याची नोंद सेवापोथीत त्याच महिन्यात करून घ्यावी. कारकून बदलला की जुनी फाईल शोधायला कोणी बसत नाही.