तयार मसुद्यांची सत्ता: अमेरिकी धोरणांमागचा देणगीचा पैसा

एप्रिल २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेने नऊशेहून अधिक पानांचा एक जाडजूड ग्रंथ काढला. पुढचा रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष आला की कोणत्या खात्यात काय करायचं, कोणते नियम मोडीत काढायचे, याची ती खातेवार यादी होती. तिलाच पुढे सगळे ‘प्रोजेक्ट २०२५’ म्हणू लागले. प्रचारात ते अंगाशी येतंय असं दिसताच जुलै २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी ‘मला त्यातलं काहीच ठाऊक नाही’ म्हणून हात झटकले. निवडून आल्यावर त्यांनी अर्थसंकल्प कार्यालयाच्या प्रमुखपदी नेमलं ते रसेल व्हॉट यांना. ग्रंथातलं राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावरचं प्रकरण व्हॉट यांनीच लिहिलेलं होतं.

खासगी पैशावर चालणाऱ्या संस्थेने सरकारचा कार्यक्रम लिहून द्यायचा, ही पद्धत काही ट्रम्प यांच्या काळात निघालेली नाही. तिला शंभरहून अधिक वर्षं झाली आहेत.

तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांना १९१० मध्ये आपल्या फाउंडेशनसाठी थेट अमेरिकी काँग्रेसची सनद हवी होती. एवढा पैसा, कायमस्वरूपी, मूठभर विश्वस्तांच्या हातात, आणि उद्देश काय तर ‘मानवजातीचं कल्याण’! खासदारांना हे पचेना. तीन वर्षं घासाघीस झाली, विधेयक सिनेटमध्ये अडकलं आणि शेवटी मे १९१३ मध्ये न्यूयॉर्क राज्याकडून नोंदणी करून काम भागवण्यात आलं. पहिल्या दोन वर्षांत रॉकफेलर यांनी त्यात १० कोटी डॉलर ओतले. (पुण्यातली आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था १९५२ मध्ये याच फाउंडेशनच्या भागीदारीने सुरू झाली. या पैशातून उभं राहिलेलं सगळंच राजकारण होतं असं नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं.)

खासदारांची शंका किती रास्त होती ते वर्षभरातच दिसलं. कोलोरॅडोतल्या लडलो इथे रॉकफेलर घराण्याचा मोठा हिस्सा असलेल्या कोळसा कंपनीचे कामगार संपावर होते. कंपनीने घरांतून काढल्यामुळे ते बायकामुलांसह तंबूंत राहत होते. २० एप्रिल १९१४ रोजी राज्याच्या सैनिकांनी आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी तंबूंवर गोळीबार केला, नंतर तंबू पेटवले. एका तंबूखालच्या खड्ड्यात जीव वाचवायला लपलेल्या दोन बाया आणि अकरा मुलं तिथेच गुदमरून मेली. देशभर संताप उसळला. त्यानंतर रॉकफेलर फाउंडेशनने औद्योगिक संबंधांचा ‘अभ्यास’ हाती घेतला आणि त्यासाठी कॅनडाचे माजी कामगारमंत्री मॅकेन्झी किंग यांना नेमलं. म्हणजे खाणही त्यांचीच, आणि खाणीतल्या संघर्षाचा निष्पक्ष अभ्यासही त्यांच्याच पैशाने!

फ्रँक वॉल्श यांच्या अध्यक्षतेखालच्या औद्योगिक संबंध आयोगाने १९१५ मध्ये धाकट्या रॉकफेलर यांना, म्हणजे तेलसम्राटाच्या मुलाला, साक्षीला बोलावून याबद्दल चांगलंच धारेवर धरलं. फाउंडेशनने त्यातून धडा घेतला, पण तो आयोगाला अपेक्षित असलेला नव्हता. वादाच्या विषयावर स्वतः अभ्यास करायचा नाही, तो बाहेरच्या ‘स्वतंत्र’ संस्थेकडून करून घ्यायचा आणि आपण फक्त अनुदान द्यायचं, ही वाट त्या काळात रुळली. १९१६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सरकारी कारभाराचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली. १९२७ मध्ये दोन भावंड-संस्थांसह तिचं ब्रूकिंग्स इन्स्टिट्यूशन झालं. धोरणांचा अभ्यास करून सरकारला सल्ला देणारी संस्था, म्हणजेच थिंक टँक, या प्रकाराचं मूळ इथे आहे.

याच सुमाराला पायाभरणीचं दुसरं काम कर कायद्याने केलं. १९१३ मध्ये प्राप्तिकर आला आणि १९१७ मध्ये धर्मादाय देणग्यांना त्यातून वजावट मिळाली. माझ्या मते साऱ्या इतिहासातली सर्वांत कमी चर्चिली गेलेली गोष्ट हीच. सर्वांत वरच्या कर-टप्प्यातला माणूस आज १०० डॉलर देतो, तेव्हा त्यातला एक तृतीयांशाहून जास्त भार प्रत्यक्षात सरकारी तिजोरीवर पडतो. पण तो पैसा कोणत्या विचाराला द्यायचा, हे मात्र एकटा देणगीदार ठरवतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर फोर्ड फाउंडेशन सगळ्यांत श्रीमंत झालं आणि साठच्या दशकात सामाजिक प्रश्नांत धडाक्याने उतरलं. मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या वकिलांची संस्था, पर्यावरणाचे खटले लढवणारी संस्था, न्यूयॉर्कच्या शाळांचा कारभार वस्त्यांकडे सोपवण्याचा प्रयोग या सगळ्यांमागे फोर्डचे अनुदान होते. रॉबर्ट केनेडींच्या हत्येनंतर त्यांच्या आठ सहकाऱ्यांनाही फोर्डने घसघशीत अनुदानं दिली. काँग्रेसमध्ये भडका उडायला तेवढं पुरलं. टेक्सासचे खासदार राइट पॅटमन आधीपासूनच फाउंडेशनांच्या मागे लागलेले होते. १९६९ च्या कर कायद्याने खासगी फाउंडेशनांवर कर बसवला, दरवर्षी ठरावीक रक्कम वाटणं बंधनकारक केलं आणि त्यांना लॉबिंगला, म्हणजे कायद्यांसाठी खासदारांकडे वशिला लावायला, बंदी घातली. ‘निष्पक्ष संशोधना’ला मात्र मुभा राहिली, आणि पुढची सगळी वाहतूक त्याच फटीतून झाली.

उजव्या बाजूला तेव्हा खंत होती ती वेगळीच. ऑगस्ट १९७१ मध्ये कंपन्यांचे वकील लुईस पॉवेल यांनी अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्ससाठी एक गोपनीय टिपण लिहिलं: मुक्त अर्थव्यवस्थेवर विद्यापीठांतून, वृत्तपत्रांतून, न्यायालयांतून हल्ला होतो आहे आणि उद्योजक हातावर हात ठेवून बसले आहेत. थोड्याच महिन्यांत पॉवेल सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. त्या एका टिपणातून सगळी उजवी चळवळ उगवली असं हल्ली सरसकट सांगितलं जातं. ती अतिशयोक्ती आहे. पण मद्यसम्राट जोसेफ कूर्स यांच्यावर त्याचा परिणाम झाला होता, हे खरं.

त्याच वर्षी मार्चमध्ये सिनेटने स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगवान, प्रवासी विमानाच्या प्रकल्पाचा निधी कापला. अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूट या उजव्या थिंक टँकचा या विषयावरचा उत्तम अहवाल खासदारांच्या टेबलावर आला तो मतदान उरकल्यावर. एडविन फ्युलनर आणि पॉल वेरिक या काँग्रेसमधल्या दोन तरुण कर्मचाऱ्यांनी चौकशी केली, तर उत्तर मिळालं की मतदानावर प्रभाव पाडायचा नव्हता. १९६४ मध्ये रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांच्या प्रचाराशी जवळीक केल्याबद्दल त्या संस्थेमागे कर खात्याचा ससेमिरा लागला होता. ती ताक फुंकून पीत होती. फ्युलनर हा किस्सा पुढे आयुष्यभर सांगत राहिले. १९७३ मध्ये कूर्स यांच्या अडीच लाख डॉलरवर हेरिटेज फाउंडेशन उभं राहिलं. पुढे रिचर्ड मेलन स्केफ यांचे लाखो डॉलर त्यात आले.

हेरिटेजने अभ्यासाची चालच बदलली. जाड पुस्तकांऐवजी ब्रीफकेसमध्ये मावतील, विमानतळावरून कॅपिटॉलला जाताना गाडीत वाचून होतील अशी टिपणं, आणि तीही मतदानाच्या आधी! १९८० च्या शेवटी रेगन निवडून येताच त्यांच्या माणसांच्या हाती तीन हजार पानांचा, दोन हजारांच्या आसपास शिफारशींचा मसुदा पडला. रेगन यांनी त्याच्या प्रती मंत्रिमंडळात वाटल्या. २०२३ चा ग्रंथ त्याच मालिकेतला आणि ‘मँडेट फॉर लीडरशिप’ या त्याच नावाचा.

पैसेवाले धोरण ‘विकत घेतात’ हे म्हणणं मला नेहमीच अर्धवट वाटतं. ते विकत घेतात तयारी. संधी केव्हा येईल सांगता येत नाही, पण आली की मसुदा आणि तो राबवणारी माणसं हाताशी असतात. ऑलिन फाउंडेशनने विद्यापीठांतल्या ‘कायदा आणि अर्थशास्त्र’ अभ्यासक्रमांवर आणि १९८२ मध्ये निघालेल्या फेडरलिस्ट सोसायटी या उजव्या कायदेपंडितांच्या संघटनेवर पैसा लावला. त्या वर्तुळातले न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात बसायला दोन-तीन दशकं लागली. कधी मसुदा मालकाच्या हातूनही निसटतो. आरोग्यविमा प्रत्येकाला सक्तीचा करावा, ही कल्पना १९८९ मध्ये हेरिटेजनेच मांडली होती. ती मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यामार्गे ओबामांच्या आरोग्य कायद्यात शिरली, तेव्हा सर्वांत मोठा गळा काढणाऱ्यांत हेरिटेजच होतं.

डेमोक्रॅट जागे झाले ते उशिरा. २००३ मध्ये जॉन पोडेस्टा यांनी सेंटर फॉर अमेरिकन प्रोग्रेस काढलं ते उघडउघड हेरिटेजकडे बघून. २००५ मध्ये डाव्या देणगीदारांची डेमोक्रसी अलायन्सही आली. जानेवारी २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांच्या आणि संघटनांच्या निवडणूक खर्चावरची मर्यादा उठली आणि प्रचारावर हवा तितका पैसा ओतणाऱ्या समित्या, म्हणजे सुपर पॅक, आल्या. २०२४ मध्ये एलॉन मस्क यांनी एकट्याने २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केले. हे सगळं निदान नोंदीत तरी दिसतं.

न दिसणारा व्यवहार बघायचा तर शिकागोचे उद्योजक बार्रे साइड यांचा बघावा. २०२१ मध्ये त्यांनी आपल्या विद्युत उपकरणांच्या कंपनीचे शेअर फेडरलिस्ट सोसायटीचे लेनर्ड लिओ यांच्या नियंत्रणातल्या नव्या न्यासाला दिले. न्यासाने ते विकले आणि १.६ अब्ज डॉलर न्यासात पडले. आधी दान, मग विक्री, हा क्रम साधल्यामुळे भांडवली नफ्यावरचा कर कुणालाच भरावा लागला नाही. २०२२ मध्ये पत्रकारांनी हे बाहेर काढेपर्यंत जनतेला याचा पत्ता नव्हता.

२०२५ च्या कर विधेयकात प्रतिनिधिगृहाने मोठ्या खासगी फाउंडेशनांच्या गुंतवणूक-उत्पन्नावर १० टक्क्यांपर्यंत कर सुचवला होता. सिनेटने ते कलम वगळलं, आणि ४ जुलै रोजी त्याशिवायच कायद्यावर सही झाली.